लस दिली होती, तरी कोंबड्या का मेल्या?

गेल्या मे महिन्यात गोव्यातल्या वाळपईच्या पलीकडे, माझ्या काकीच्या घरी, आठ दिवसांत अकरा कोंबड्या मेल्या. चौदा होत्या, तीन उरल्या. पहिल्या दिवशी एक तलंग खुराड्याच्या कोपऱ्यात पंख पाडून बसली. दुसऱ्या दिवशी तिची शीट हिरवी आणि पाण्यासारखी पातळ झाली. तिसऱ्या दिवशी तिची मान अशी मागे वळली की चोच आभाळाकडे गेली. समोर दाणे होते, तिला भूक होती, ती टिपायला जायची आणि चोच दाण्याशेजारी भलतीकडेच आपटायची. काकी तिला मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत होती. दिवेलागणीला ती गेली, आणि सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर आणखी दोन आडव्या पडलेल्या होत्या.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "मर पडली." काकी काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लस दिली होतीस ना गं? मग कशा मेल्या?"

लस मीच दिली होती, तीन आठवड्यांपूर्वी. मी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते, म्हणून घरात असल्या कामाला मलाच बोलावतात. तिच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. नंतर बरंच वाचलं, पशुवैद्यांशी बोलले, आणि कळलं की त्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. विषाणू बदलला म्हणून लस हरली का? की लस कोंबडीपर्यंत नीट पोचलीच नाही? दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, सरकारी कागदांवर राणीखेत, आणि जगभर न्यूकॅसल. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ कोंबड्यांची अशी मर पहिल्यांदा नीट नोंदली गेली. त्यानंतर लवकरच कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला तीच मर दिसली आणि भारतात रोगाला त्या गावाचं नाव चिकटलं. आजही औषधाच्या दुकानात "राणीखेतची लस द्या" असं म्हटलं की पुरतं.

पंधरा हजार अक्षरांची पोथी

या विषाणूचा सगळा वारसा आरएनएच्या एका धाग्यात असतो. त्या धाग्यावर साधारण पंधरा हजार दोनशे अक्षरं, आणि अक्षरांचे प्रकार फक्त चार. एवढ्यात त्याची सहा जनुकं बसतात. माणसाच्या पेशीतल्या मजकुराची एक प्रत तीनशे कोटी अक्षरांच्या घरात जाते. त्यापुढे ही पोथी म्हणजे चार पानांचं चोपडं. पण चौदापैकी अकरा कोंबड्या आठ दिवसांत मारायला तेवढं चोपडं पुरतं.

सहापैकी दोन जनुकं आपल्या कामाची. एकापासून विषाणूच्या अंगावरचा एचएन नावाचा प्रथिनाचा काटा बनतो. त्यानं विषाणू कोंबडीच्या पेशीला चिकटतो. दुसऱ्यापासून एफ नावाचं प्रथिन बनतं. ते विषाणूचं आवरण आणि पेशीचं आवरण एकमेकांत मिसळून आत जायला वाट करून देतं. विषाणू सौम्य की जहाल, हे मुख्यतः या एफ प्रथिनातल्या एका छोट्याशा जागेवर ठरतं. ती जागा जरा थांबून बघू, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथंच आहे.

एफ प्रथिन तयार होतं तेव्हा ते बंद असतं. कोंबडीच्याच शरीरातल्या एखाद्या विकरानं, म्हणजे एन्झाइमनं, ते ठरावीक जागी कापलं तरच ते कामाला लागतं. न कापलेला एफ असलेला विषाणू पेशीला चिकटेल, पण आत शिरू शकणार नाही. आता सुका नारळ आणि शहाळं डोळ्यांसमोर आणा. सुका नारळ सोलायला जमिनीत रोवलेली पहार लागते, आणि ती गावात मोजक्या घरांसमोरच असते. शहाळं मात्र कोयत्यानं उघडतं, आणि कोयता नाही असं घर आपल्याकडे सापडणार नाही.

सौम्य विषाणूचा एफ सुक्या नारळासारखा असतो. त्याला कापणारी विकरं कोंबडीच्या श्वासनलिकेच्या आणि आतड्याच्या अस्तरातच मिळतात. म्हणून तो तिथंच वाढतो, थोडी शिंक, थोडी घरघर, आणि संपलं. जहाल विषाणूच्या एफमध्ये त्या कापायच्या जागी आर्जिनिन आणि लायसिन ही अमिनो आम्लं ओळीनं बसलेली असतात, आणि लगेच पुढच्या जागी, ११७ व्या क्रमांकावर, ल्युसिनऐवजी फिनाइलअलॅनिन असतं. एवढ्यानं ती जागा शहाळ्यासारखी होते. फ्युरिन नावाचं विकर तिला कापू शकतं, आणि फ्युरिन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. मग विषाणूला आतडं, प्लीहा, मेंदू, कुठंच अडसर राहत नाही. काकीच्या तलंगेची मान वळली ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशी मेल्या म्हणून. हिरवी शीट आतड्याला झालेल्या इजेची आणि दाणा सुटल्याची खूण.

सौम्य आणि जहाल यांच्यात फरक आहे तो अशा मोजक्या अक्षरांचा. ऑस्ट्रेलियात १९९८ ते २००० या काळात हे सगळ्यांसमोर घडलं. तिथल्या कोंबड्यांत आधीपासून फिरणाऱ्या स्थानिक सौम्य विषाणूनं कापायच्या जागेची दोन-चार अक्षरं बदलली, आणि त्यातून जहाल विषाणू उभा राहिला. तो बाहेरून आला नव्हता, तिथंच घडला होता. सौम्य विषाणू फिरतोय तर फिरू दे, असं म्हणून सोडून देणं मला म्हणूनच पटत नाही.

घराणी किती?

आरएनएची नक्कल करणारं विषाणूचं यंत्र उतरवलेला मजकूर परत तपासत नाही. जुन्या पोथ्या हातानं उतरवायचे तेव्हा एका लिहिणाऱ्याची चूक पुढच्या प्रत्येक प्रतीत जायची आणि त्यात नव्या चुकांची भर पडायची. अभ्यासक त्या चुकांवरूनच कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली ते सांगतात. विषाणूंचं तसंच आहे. दोन ठिकाणच्या विषाणूंच्या एफ जनुकाची अक्षरं ओळीनं मांडली की कोण कुणाचा जवळचा, कोण लांबचा, हे दिसतं. या पद्धतीनं न्यूकॅसलच्या विषाणूंचे दोन मोठे वर्ग केले आहेत. पहिला वर्ग मुख्यतः बदकांत आणि इतर रानपक्ष्यांत, बहुतेक सौम्य. दुसऱ्या वर्गात कोंबड्यांना मारणारे जवळजवळ सगळे, आणि काही सौम्यही.

दुसऱ्या वर्गात किमान वीस घराणी आहेत. शास्त्रीय शब्द जीनोटाइप, पण मला घराणं हा शब्द अधिक नेमका वाटतो. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून या वर्गवारीचे नियम नव्यानं ठरवले. एफ जनुकाच्या अक्षरांत सरासरी दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तरच वेगळं घराणं मानायचं. क्रमांक एकवीसपर्यंत जातात, पण पंधरावा गाळलेला आहे. त्या नावाखाली नोंदलेले विषाणू वेगवेगळ्या घराण्यांचे तुकडे जुळून झालेले निघाले.

भारतात कोंबड्यांच्या साथींमध्ये तेरावं घराणं पुनःपुन्हा सापडलं आहे, शिवाय सातवंही. सातवं तर आशियाभर पसरलेलं आहे. पारव्यांमध्ये बहुधा सहावं घराणं असतं, आणि देवळाच्या शिखरावर घुमणारे पारवे अंगणात दाणे टिपायला येतात तेव्हा ते आपल्या कोंबड्यांच्याच भांड्यात तोंड घालतात.

आता लशींकडे या. लासोटा, बी-वन आणि एफ (हे लशीचं नाव, वरचं प्रथिन नव्हे) या आपल्या दुकानांत मिळणाऱ्या लशी दुसऱ्या घराण्यातल्या. लासोटाचा मूळ विषाणू १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एका कोंबडीपालकाच्या कळपात मिळाला आणि त्याच्याच आडनावानं ओळखला जातो. मोठ्या कोंबड्यांना टोचतात ती आर-टू-बी ही लस तिसऱ्या घराण्यातली, मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत तयार झालेली. म्हणजे रोगाला भारतातलं नाव मिळालं तेही कुमाऊँच्या डोंगरात आणि त्याच्यावरची आपली लस झाली तीही त्याच डोंगरात. थोडक्यात, लशी दुसऱ्या आणि तिसऱ्या घराण्याच्या, तर आज मारणारे विषाणू सातव्या आणि तेराव्या घराण्याचे. दोहोंत सुमारे ऐंशी वर्षांचं अंतर.

इथं कुणालाही वाटेल, मग लस बादच झाली. मलाही तसंच वाटलं होतं. पण गोष्ट तशी नाही.

कुळं वेगळी, गोत्र एक

कोंबडीचं शरीर विषाणूची अक्षरं वाचत नाही, त्याचा आकार ओळखतं. घराणी कितीही असली तरी एचएन आणि एफ या प्रथिनांचा बाहेरचा आकार बऱ्याच अंशी सारखा राहिला आहे. एका घराण्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला पकडणारी शरीरातली प्रथिनं, दुसऱ्या घराण्याच्या विषाणूलाही पकडतात. शास्त्रज्ञ म्हणतात, जीनोटाइप अनेक, सिरोटाइप एकच. आपल्या बोलीत, कुळं वेगळी पण गोत्र एक.

म्हणून लासोटाची लस नीट दिलेली, पुरेशी प्रतिपिंडं तयार झालेली कोंबडी सातव्या किंवा तेराव्या घराण्याच्या विषाणूसमोर बहुतेक वेळा मरत नाही. प्रयोगशाळेत, ठरावीक मात्रेत, निरोगी पक्ष्यांवर हे पुनःपुन्हा तपासलं गेलं आहे. काकीच्या कोंबड्या मेल्या त्याचा दोष मी विषाणूच्या घराण्यावर टाकू शकत नाही.

मात्र दुसरी बाजू आहे, आणि ती पुष्कळदा सांगायची राहते. लस मरण थांबवते, पण लागण पूर्ण थांबवत नाही. लस घेतलेल्या कोंबडीत रानातला, म्हणजे बाहेर मोकळा फिरणारा, विषाणू शिरला तर तो घशात, आतड्यात काही दिवस वाढतो आणि शीटेतून, लाळेतून बाहेर पडतो. कोंबडी दाणे टिपत असते, अंडी देत असते, कुणाला शंकाही येत नाही. घराण्यांमधल्या फरकाचा परिणाम इथं दिसतो. लशीचा विषाणू आणि रानातला विषाणू एकाच घराण्यातले असतील तर कोंबडी कमी विषाणू बाहेर टाकते. फरक जास्त असेल तर जास्त टाकते. बऱ्याच प्रयोगांत हे दिसलं आहे. चीनमध्ये म्हणूनच सातव्या घराण्यापासून लस बनवली. तिथं शास्त्रज्ञांनी रानातल्या विषाणूची पोथी प्रयोगशाळेत पुन्हा लिहून काढली आणि एफची कापायची जागा तेवढी सौम्य केली, शहाळ्याचा परत सुका नारळ करावा तशी. बाकी अंग जसंच्या तसं.

याचा अर्थ परसातल्या कोंबडीपाशी येऊन बघा. ज्याच्याकडे लस आहे, थंड साठवण आहे, डॉक्टर आहे, त्याच्या कोंबड्या जगतात आणि विषाणू थोडा थोडा बाहेर सोडत राहतात. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याच्या दारात तो विषाणू पोचतो तेव्हा कोंबड्या मरतात. गोव्यात खाल्ल्या जाणाऱ्या ब्रॉयलरचा मोठा वाटा कर्नाटक आणि महाराष्ट्रातून घाट उतरून येतो. गाड्या, पिंजरे, पिसं, शीट, सगळं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातं. पिंजऱ्यातले पक्षी ठणठणीत दिसतात म्हणून पिंजरा स्वच्छ आहे असं होत नाही. मला हा प्रश्न विज्ञानाइतकाच न्यायाचाही वाटतो. भुर्दंड पडतो तो अंगणातल्या बाईवर, जिच्या गावठी अंड्यांच्या पैशांत मुलाच्या वह्या येतात आणि जिच्या कोंबड्याकडे राखणदाराला, गावाची राखण करणाऱ्या देवाला, द्यायचा म्हणून वर्षभर लक्ष असतं.

साथ कळपात पसरू नये यासाठी किती पक्षी सुरक्षित हवेत, याचाही हिशोब झालेला आहे. कळपातल्या किमान ८५ टक्के पक्ष्यांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं असतील तर विषाणूची साखळी तुटते. वीसपैकी सतरा. आपण बारा पकडतो, पाच झाडावर चढतात, तीन शेजारच्या कुळागरात गेलेल्या असतात. गणित तिथंच बिघडतं.

माझ्या बाटलीचं काय झालं

आता दुसरं उत्तर. मी लस म्हापशाहून आणली होती, शुक्रवारी, बाजार करून. दुकानदारानं बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घातली, बरोबर बर्फाचे दोन-तीन खडे. मी म्हापशाहून डिचोली, साखळी करत वाळपईला आले. बसमध्ये उभं राहून, पिशवी हातात. उतरले तेव्हा पिशवीत कोमट पाणी होतं आणि बाटलीवरचा कागद भिजून निघाला होता. लस जिवंत विषाणूची असते. ती दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. मे महिन्याच्या बसमध्ये तिच्यातले किती विषाणू जिवंत राहिले असतील, याचा विचार मी त्या दिवशी केलाच नाही. औषध आणलं एवढंच समाधान होतं.

दुसरी चूक पाण्यात झाली. लासोटा पिण्याच्या पाण्यातून देता येते, म्हणून मी विहिरीचं ताजं पाणी काढलं. विहिरीत चारच दिवसांपूर्वी ब्लीचिंग पावडर टाकली होती, पावसाच्या तोंडावर बहुतेक घरी टाकतात तशी. क्लोरीन लशीतल्या विषाणूला मारतं. नळाच्या पाण्यातही ते असतंच. पाणी उकळून गार करून घ्यायचं, किंवा रात्रभर उघड्या भांड्यात ठेवायचं, आणि लस घालण्याआधी लिटरमागे अडीच ते पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर विरघळवायची. ती उरलंसुरलं क्लोरीन शोषते आणि विषाणूला सांभाळते. कोंबड्यांना आधी तास-दोन तास पाणी द्यायचं नाही, म्हणजे तहानलेल्या असतात आणि लस घातलेलं पाणी पटकन पितात. ते दोन तासांच्या आत संपलं पाहिजे. मी सकाळी आठला पाणी ठेवलं, दुपारी बारालाही अर्धं भांडं तसंच होतं, उन्हात.

तिसरी गोष्ट मला नंतर कळली. बाटलीत सहसा किमान शंभर मात्रा असतात, आणि एकदा विरघळवली की ती साठवता येत नाही. चौदा कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची बाटली फोडायची, बाकी ओतून द्यायची. एका घराला हे कधीच परवडत नाही. म्हणून लोक लसच देत नाहीत, आणि मला त्यात त्यांचा आळस दिसत नाही.

पिल्लांची आणखी एक अडचण. लस घेतलेल्या कोंबडीच्या अंड्यातून पिल्लाला आईची प्रतिपिंडं मिळतात. ती पहिले काही दिवस रोगापासून वाचवतात, पण त्याच वेळी लशीचा विषाणूही पकडून ठेवतात, म्हणून फार लवकर दिलेली लस पुरती लागत नाही. याचा विचार करूनच वेळापत्रक बनलेलं आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी एफ किंवा लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौथ्या आठवड्याच्या आसपास लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांनंतर आर-टू-बीचं इंजेक्शन, पंखाखाली. ही शेवटची लस जरा तिखट आहे, तिचा विषाणू पूर्ण सौम्य नाही. लहान पिल्लाला दिली तर लुळेपणा येऊ शकतो, मर्तिकही होऊ शकते. कोंबड्या जंतांनी पोखरलेल्या असतील तर लशीचा जोर कमी पडतो, म्हणून आठवडाभर आधी जंताचं औषध द्यायचं. लस देणाऱ्यानं नंतर हात साबणानं धुवायचे आणि धुण्याआधी डोळे चोळायचे नाहीत. हा विषाणू माणसाच्या डोळ्यात गेला तर दोन-चार दिवस डोळे येतात. माणसाला त्याहून मोठा त्रास सहसा होत नाही, आणि शिजवलेल्या कोंबडीतून किंवा अंड्यातून तर मुळीच नाही.

गावठी कोंबडी कणखर, तिला काही होत नाही, असं आपल्याकडे ठामपणे सांगतात. ती ऊन-पाऊस सोसते, घारीपासून पिल्लं वाचवते, हे खरं. राणीखेतपुढे मात्र तिची ही कणखरता चालत नाही. वनराजा, ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तयार झालेल्या जाती आता गोव्यातल्या परसात दिसतात. अंडी जास्त देतात, पण लस त्यांनाही तितकीच लागते.

गावासाठी बनवलेली एक लस आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही याचं मला वाईट वाटतं. ऑस्ट्रेलियात पहिल्या घराण्यातल्या सौम्य विषाणूंमधून उष्णता सोसणारे विषाणू निवडून काढले, आणि त्यातून आय-टू नावाची लस झाली. फ्रिजबाहेरही ती काही काळ टिकते. मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावातल्याच बायकांना शिकवून, दर चार महिन्यांनी घरोघर फिरून, प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब, अशी ती दिली गेली. ती सातव्या घराण्याची नाही, तेराव्याची नाही, अगदी पहिल्याची. तरी कोंबड्या वाचल्या. मग कोणत्या लशीच्या मागे लागायचं? माझं मत असं की घराणं जुळणारी लस मोठ्या पॉल्ट्रींना आधी हवी, कारण स्वतः न मरता विषाणू बाहेर सोडत राहतात ते तिथले लस घेतलेले हजारो पक्षी. परसाला आधी हवी ती बसचा प्रवास सोसणारी लस.

मेलेल्या कोंबडीचं काय करायचं

इथं मी थोडी कडक होणार आहे. मर सुरू झाली की उरलेल्या कोंबड्या घाईनं विकायच्या किंवा पाहुण्यांना शागोती करायची, आणि मेलेली ओहोळात फेकायची, हे आपल्याकडे चालतं. विकलेली कोंबडी चार गावांत विषाणू नेते. ओहोळातली कोंबडी कुत्रे आणि कावळे वर काढतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते पंधरा दिवस जातात, बहुधा पाच-सहा. म्हणजे म्हापशाच्या बाजारातून आणलेली धडधाकट तलंग आधीच लागण झालेली असू शकते. तिला किमान दोन आठवडे, जमल्यास तीन, वेगळ्या खुराड्यात ठेवायचं, आणि तिला दाणे घातलेल्या हातांनी, चपलांनी थेट जुन्या कोंबड्यांत जायचं नाही.

मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरायची. या विषाणूच्या अंगावर चरबीचं आवरण असतं, त्यामुळे साबण, धुण्याचा सोडा, ऊन यांनी तो मरतो. खुराड्यातली शीट खरवडून, साबणाच्या पाण्यानं धुऊन, दिवसभर उन्हात ठेवलेलं खुराडंसुद्धा बरंच सुरक्षित होतं. शीट न काढता वरून नुसतं औषध फवारून काही होत नाही, शीटेच्या आत तो टिकून राहतो.

आणि पुरायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. एक तर मान वळणं, अचानक मर, तुरा निळा पडणं ही लक्षणं बर्ड फ्लूतही असतात. २००६ मध्ये भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्या शेजारी, महाराष्ट्रातल्या नवापूरला, तेव्हापासून अंदाजावर राहणं धोक्याचं आहे. नुसत्या डोळ्यांनी या दोन रोगांतला फरक निष्णात डॉक्टरलाही सांगता येत नाही. घशात आणि गुदद्वारात फिरवलेला कापसाचा बोळा बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जायला हवा. पश्चिम भारतासाठी पुण्यात विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा आहे. बर्ड फ्लूचा शेवटचा निवाडा भोपाळची राष्ट्रीय संस्था देते.

दुसरं कारण पोथीचं. तो बोळा गेला, त्यातल्या विषाणूचं एफ जनुक वाचलं, तरच आपल्या दारात कोणतं घराणं आलं, ते घाटावरच्या विषाणूचं भाऊबंद आहे की पारव्यांकडून आलंय, हे कळेल. पुढची लस कोणत्या घराण्याची बनवायची हे ठरवणारे लोक अशाच नमुन्यांवरून ठरवतात. आमच्या सत्तरी तालुक्यातली एक मेलेली तलंग बर्फात घालून पाठवली तर त्या वंशवृक्षात एक पान आपल्या गावाचं असेल. काकीच्या अकरांपैकी आम्ही एकही पाठवली नाही. मला तेव्हा सुचलं नाही, आणि याची हळहळ अजून आहे.

नोव्हेंबरमध्ये काकीची एक उरलेली कोंबडी खुडूक बसली. नऊ अंडी ठेवली, सात पिल्लं निघाली. या वेळी काकीनं आधी वाड्यावरची आठ घरं फिरून घेतली. सगळ्यांची मिळून पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या ब्याण्णव भरल्या. शंभर मात्रांची एक बाटली पुरणार होती. मी ती थर्मासमध्ये, बर्फाच्या थराखाली, सकाळच्या पहिल्या बसनं आणली. कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधीच सगळे जमले होते, त्यामुळे झाडावर चढायला कुणी बाहेर नव्हतं. बाटलीबरोबर आलेल्या पाण्यात लशीची पांढरी वडी घातली, ती गोल फिरत विरघळली. काकीनं पहिलं पिल्लू मुठीत धरलं, अंगठ्यानं त्याचं डोकं हलकेच आडवं केलं. मी डोळ्यावर थेंब सोडला. तो क्षणभर तसाच काचेच्या मण्यासारखा राहिला, मग पिल्लानं डोळा मिटला आणि थेंब आत गेला. "गेला," काकी म्हणाली, आणि पिल्लू दुसऱ्या टोपलीत ठेवून तिनं पुढचं उचललं.